वॉटर स्कूटरचा खोकला

मला पोहता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. उमरग्यात हायवेच्या कडेला उभं आयुष्य ट्रक आणि ट्रॅक्टरच्या इंजिनांत हात घालून काढलं. पाण्याशी संबंध रेडिएटरपुरता. फार तर एखाद्या विहिरीवरचं डिझेल इंजिन, तेही काठापासून चार हात लांब ओढून घेऊन मग खोललेलं. त्यामुळं गॅरेज बंद करून घरी बसल्यावर, भर उन्हात मोटारसायकलवरून आलेल्या एका मुलीनं "मिस्त्री, माझी वॉटर स्कूटर बघायला चला" म्हटलं, तेव्हा मी आधी बायकोच्या तोंडाकडं बघितलं.

"बघलालाव काय?" शांता म्हणाली. "स्कूटर म्हणलालीय ती. जावा की."

ती पहिला शब्द विसरली होती, किंवा मला घराबाहेर काढायची संधी तिला सोडायची नव्हती. निवृत्त मिस्त्री घरात असला की मिक्सरपासून पंख्यापर्यंत सगळं खोलून ठेवतो, आणि त्यातलं थोडंच परत जोडतो.

मुलीचं नाव रेणुका. अणदूरकडची, मेंढपाळाच्या घरातली. कोकणात समुद्रकिनारी बोटिंगच्या धंद्यात काही वर्षं काम करून आलेली. बुडणाऱ्याला बाहेर काढायचं रीतसर शिक्षण घेतलेलं. येताना तिथली एक जुनी वॉटर स्कूटर साठवलेल्या पगारातून विकत घेऊन आली होती आणि गावाजवळच्या तलावावर लोकांना फिरवत होती. मी जाण्याआधी दोन मिस्त्र्यांनी तिला परत पाठवलं होतं. चाक नसलेल्या गाडीला हात लावत नाही, असं एकजण म्हणाला म्हणे.

मला तसं म्हणायचा मोह झाला होता. पण आमच्या धंद्यात 'मला जमत नाही' हे वाक्य तोंडातून निघायला फार जड जातं. मी पान्ह्यांची पिशवी घेतली आणि तिच्या मागं बसलो.

तलावाच्या काठावर, उतारावर, ट्रॉलीवर ती स्कूटर होती. नाव पाण्यावरची स्कूटर असलं तरी मला ती लांब चोचीच्या बदकासारखी दिसली. धरायला हँडल, बसायला सीट, खाली नावेसारखं पोट. पोटाखालून ती पाणी ओढून घेते आणि मागं जोरात फेकते. त्या धक्क्यानं पुढं जाते. रेणुकानं सीट उचलली आणि माझा जीव भांड्यात पडला. आत चांगलं ओळखीचं पेट्रोल इंजिन होतं. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, ऑइल. सगळी आपलीच माणसं.

शेजारी एका लिंबाखाली रेणुकाचे वडील खंडूनाना काठीवर हनुवटी टेकून बसले होते. मागं मेंढरं. पलीकडं तिची आई रखमाबाई भज्यांचा गाडा चालवत होती. फिरायला आलेले लोक ओल्या कपड्यांनी तिथं गर्दी करायचे.

"आवो मिस्त्री," खंडूनाना म्हणाले, "पोरगी कोकणातून काय आणलीया बघा. ना चाकं, ना शिंगं. रयवारी सोलापूरचा एकजण येणार हाय घ्यायला. चालू करून द्या. इकून टाकून मोकळं हुतो."

"चालू झाल्यावर कशाला इकायची, नाना?" रेणुका म्हणाली. "तुमीच म्हणलाव, सुट्टीत नीट चालली तर ठिवू."

"म्हणलो हुतो. चालली का?"

रेणुका स्कूटरकडं वळली. तिचं दुखणं एवढंच होतं. रविवारपर्यंत मशीन नीट झालं तर राहणार, नाहीतर सोलापूरला जाणार आणि रेणुका परत कुणाच्या तरी नोकरीला कोकणात.

तिनं ती पाण्यात ढकलून चालू केली. निळा धूर, आणि मधूनमधून घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज. "आसं खोकलालंय बघा," ती म्हणाली. धुराला भजी तळल्याचा वास होता, पण शेजारी रखमाबाईंची कढई पेटलेली, म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही. हवा आत घेणारा डबा उघडला तर त्यात ऑइलच ऑइल.

आता बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगतो, कंटाळा आला तर पुढं जा. इंजिनात पिस्टनच्या वर स्फोट होतो. त्यातली थोडी वाफ रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये निसटते. तिला बाहेर पडायला एक नळी असते, तिला आम्ही ब्रीदर म्हणतो. या वाफेबरोबर ऑइलचे थेंबही बाहेर येतात. जुन्या ट्रकमध्ये ब्रीदर सरळ रस्त्यावर सोडलेला असायचा. ऑइल गळायचं आणि कुणाचं काही बिघडायचं नाही. वॉटर स्कूटरमध्ये तसं सोडलं तर ऑइल तिच्या पोटात साचेल, नाहीतर तलावात जाईल. म्हणून ती नळी परत इंजिनाच्या श्वासातच जोडलेली असते. म्हणजे ऑइल जास्त यायला लागलं की इंजिन तेच गिळतं, धूर काढतं आणि खोकतं.

जास्त का येत होतं, त्याचं एक कारण मला लगेच सापडलं. रेणुका ऑइल किती आहे ते दाखवणारी पट्टी ट्रॉलीवर, उतारावरच तपासत होती. तिथं ती कमी दाखवायची आणि रेणुका आणखी ओतायची. माझ्याकडं पूर्वी एक ट्रॅक्टरवाला यायचा. त्याची तक्रार अशी की ट्रॅक्टर फक्त सासुरवाडीला जातानाच बंद पडतो. त्या वाटेवर मोठा चढ होता आणि त्याच्या टाकीत गाळ. चढावर गाळ सरकून पाइपच्या तोंडाशी यायचा. मला हे कळेपर्यंत त्याच्या बायकोनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तेव्हापासून उतार दिसला की माझा संशय जागा होतो. स्कूटर सपाट जागेवर घेऊन पट्टी बघितली तर ऑइल खुणेच्या बरंच वर. मी जादाचं काढलं.

"आन् ह्ये बी करता यील का?" रेणुकानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला एक माणूस ब्रीदरच्या वाटेत एक डबा बसवत होता. कॅच कॅन म्हणतात त्याला. वाफ डब्यात शिरते, ऑइल तळाशी बसतं, नुसती हवा पुढं जाते. मागवायचा तर तो रविवारनंतरच पोचणार होता. मी तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणालो, "ह्ये तर दुधाच्या किटलीचं काम हाय. करतो घरी."

किटली घरात नव्हती. कडीचा डबा होता. झाकणाला कडी, घट्ट बसणारा, जाड स्टीलचा, हव्या त्या मापाचा. शांता देवळात गेली होती. मी तिला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. डब्याला दोन भोकं पाडून आर्गन वेल्डिंगवाल्याकडून दोन नळ्या लावून घेतल्या. आत येणारी नळी खोल तळापर्यंत नेली, बाहेर जाणारी वर ठेवली. तळाला जुन्या डिझेल टाकीचा पितळी कॉक बसवला, साचलेलं काढून टाकायला. वाफेतलं ऑइल चिकटून राहावं म्हणून मधे काहीतरी जाळी हवी होती. भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी त्या कामाला देवानंच घडवली आहे असं माझं मत झालं. दोन कोऱ्या घासण्या दाबून भरल्या. झाकण हवाबंद हवं म्हणून कुकरची रिंग कापून बसवली.

शांता परत आली तेव्हा मी ओट्यापाशी उभा राहून माझी कलाकृती बघत होतो. तिनं डबा उचलला, फिरवला. त्याच्यावर कोरलेलं होतं, 'चि. सौ. कां. शांता हिस मामाकडून'. हा मामा सास्तूरचा.

शांता साध्या रागात मराठी बोलते. राग वाढला की तिला माहेरची कानडी सुचते. "एन् री इदु!", म्हणजे हे काय हो, अशी जी सुरुवात झाली, त्यातलं निम्मं मला कळलं आणि निम्मं कळलं नाही हे बरं झालं. संध्याकाळी कुकर लावायला गेल्यावर रिंगचाही तपास लागला. त्या दिवशी आम्ही भाकरी आणि ठेचा खाल्ला. तिनं शेवटी एकच अट घातली, की मामाचं नाव वरच्या बाजूला दिसलं पाहिजे.

डबा बसवायला गेलो तर कडी सीटला लागायला लागली. तो तिरका करून, ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधून बसवला. मामा वरच्या बाजूलाच राहिले. मग खरी अडचण. पाण्याच्या मशीनची परीक्षा पाण्यातच घ्यावी लागते. जमिनीवर ती जास्त वेळ चालवता येत नाही, तापते. आणि आवाज ऐकायचा तर मलाच बसायला हवं.

रेणुकानं मला नारिंगी जाकीट घालून पट्टे आवळले. "घाबरू नका काका. तुमी पडलाव तर म्या काढीन."

"पाडायचं नाही, असं ठरवू आधी," मी म्हणालो.

मी डोळे मिटून, तिच्या जाकिटाचे पट्टे दोन्ही हातांनी धरून, तलावाला चक्कर मारली. तलाव कसा दिसतो ते मला आजही सांगता येणार नाही. पण कान उघडे होते. इंजिन स्वच्छ चालत होतं. परत आलो तर डब्याच्या झाकणातून ऑइल पाझरलेलं. कुकरची रिंग तेल पिऊन पापडासारखी फुगली होती. स्वयंपाकघरातला रबर वाफेला टिकतो, ऑइलला नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. पिशवीतल्या डिझेल फिल्टरची काळी रिंग लावली. ती नीट बसली. धूर गेला, खोकला गेला. रेणुका मला म्हणाली, "काका, तुमी देवमाणूस हाव." मी नको नको म्हणालो, पण मनातून मला ते पटलं होतं. परतताना बसमध्ये शेजारच्या माणसाला मी कॅच कॅन समजावून सांगितला. तो नळदुर्गला उतरला. त्याला खरंच तिथं उतरायचं होतं की नाही, कोण जाणे.

दोन दिवसांनी फोन आला. रेणुकाचा आवाज पडलेला. "काका, डबा भरून वाहलालाय. परत धूर."

मी गेलो. सपाट जागेवर पट्टी बघितली. ऑइल पुन्हा खुणेच्या वर! मीच काढून बरोबर केलेलं ऑइल वाढलं होतं. इंजिन ऑइल खातं, गळतं, जाळतं. स्वतःहून वाढवत नाही. वाढलं म्हणजे आत दुसरं काहीतरी शिरतंय. कॉक सोडून डब्यातलं एका पेल्यात काढलं तर पिवळट, सायीसारखं. ऑइलमध्ये पाणी मिसळलं की ते फेसाळून असंच सायीसारखं होतं. म्हणजे आत कुठंतरी पाणी झिरपत होतं. म्हणजे इंजिन पूर्ण उतरवून खोलायचं. ते काम माझ्या पिशवीतल्या हत्यारांचं नव्हतं आणि रविवार परवावर आला होता.

मी तिला खरं ते सांगितलं. रेणुका ट्रॉलीच्या कडेवर बसली. रडली नाही. पाण्याकडं बघत म्हणाली, "मग जाऊ द्या काका. यीऊ द्या सोलापूरवाल्याला." मला फार वाईट वाटलं. लोकांच्या गाड्या दुरुस्त न झाल्याचं दुःख मिस्त्रीला होत नाही असं लोकांना वाटतं. होतं. त्या दिवशी तर भज्यांची प्लेट समोर आली तरी हात जाईना.

खंडूनाना तिथंच होते. नेहमी "इका, इका" म्हणणारा हा माणूस आज चकार शब्द बोलला नाही. काठीनं मातीत रेघा ओढत बसले.

जायच्या आधी एक खात्री करायची म्हणून मी उठलो. ऑइलमध्ये पाणी आहे की नाही हे बघायची एक साधी युक्ती आहे. तापलेल्या पत्र्यावर थेंब टाकायचा. पाणी असलं तर तडतडतं. तापलेला पत्रा म्हणजे रखमाबाईंची शेगडी. त्यांच्या परवानगीनं एक जुनी पळी तापवली आणि पेल्यातले चार थेंब तिच्यात सोडले. कान लावून उभा राहिलो.

तडतडलं नाही. म्हणावं असं पाणी त्यात नव्हतं. पण वास सुटला, आणि तो वास इंजिनाचा नव्हता. रखमाबाईंनी कढईतला झारा तसाच धरून नाक वर केलं.

"मिस्त्री, फोडणी घातलाव का काय?"

मी पेल्यात बोट बुडवून दोन बोटांत चोळलं. बोटं पिवळीजर्द झाली. रखमाबाईंनी माझं बोट धरून वास घेतला, मग पेला हातात घेऊन वास घेतला.

"ह्ये करडीचं तेल हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या डब्यातलं. तरीच म्हणते, रोज कमी कसं हुलालंय! आन् ह्यात हळद..." त्या थांबल्या. "हळद न्हाय. ह्यो भंडारा हाय. देवाचा."

घरात देवाचा भंडारा कमरेच्या पिशवीत बाळगणारा माणूस एकच होता. आम्ही तिघांनी लिंबाकडं बघितलं. खंडूनाना उठून मेंढरांकडं निघाले होते.

"नाना!" रेणुकानं हाक मारली.

ते थांबले. वळले नाहीत. मग काठीकडं बघतच म्हणाले, "खोकलालं हुतं ते. जनावर खोकाय लागलं की हळद आन् तेल पाजतो आमी. बैलाला पाजतो, मेंढराला पाजतो. हिचं तोंड कुठं हाय ते तू ऑइल वततानी बघितलो हुतो. मंग रोज सकाळी, मेंढरं सोडायच्या आधी, जरा जरा पाजलो. बैलाला पाजायचं नळकांडं हाय की आपल्याकडं."

"आवो, पर ह्ये इंजिन हाय!"

"मला काय ठाव? तू म्हणलीस खोकलालंय. म्या पाजलो. खोकला वाढला, म्हणून जरा जास्ती पाजलो."

सगळं उलगडलं. उतारावरची पट्टी बघून रेणुकानं ऑइल जास्त भरलं, म्हणून मशीन पहिल्यांदा खोकलं. खोकलं म्हणून नानांनी तेल पाजलं. तेल वाढलं म्हणून ते आणखी खोकलं. माझ्या डब्यानं ते सगळं इमानदारीनं धरून ठेवलं, आणि मी देवमाणूस त्यात पाणी शोधत बसलो. इतकी वर्षं धंदा केला, पण गाडी कोण चालवतं एवढंच विचारत आलो. गाडीची काळजी कोण करतं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

"नाना, तुमी तर इकून टाका म्हणता," रेणुका म्हणाली. "मग पाजलाव कशाला?"

खंडूनाना आता वळले. "तू त्या मधोमध गेलीस की हितनं बारीक ठिपका दिसतीस. तिथं बंद पडली तर? मला पवता येत न्हाय गं. काठावर बसून काय करू म्या? इकली तर घोर जाईल म्हणून इका म्हणतो. पर जवर हाय तवर तर नीट चालावी! जे येतंय ते केलो."

रखमाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. मग रेणुकाही हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं जाऊन नानांच्या खांद्यावर डोकं टेकलं. खंडूनाना अवघडून उभे राहिले. "मेली का वं मशीन?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"मेली न्हाय," मी म्हणालो. "जुलाब द्यावा लागंल."

ही भाषा त्यांना कळली. त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून तिचं सगळं ऑइल काढलं. फिल्टर कापून बघितला तर आतला कागद हळदीकुंकवाला निघाल्यासारखा पिवळा. नवा फिल्टर घातला, नवं ऑइल घालून थोडं चालवून तेही ओतून दिलं, पुन्हा नवं भरलं. घासण्या पेट्रोलमध्ये धुतल्या. सपाट जागेवर पट्टी कशी बघायची ते रेणुकाला दाखवलं, आणि डब्याचा कॉक कसा सोडायचा ते खंडूनानांना. रोज संध्याकाळी सोडून बघायचं, किती आलं ते ध्यानात ठेवायचं, जास्त आलं तर मला फोन करायचा. पाजायचं मात्र काही नाही. त्यांनी तो पितळी कॉक दोनदा उघडून मिटून बघितला. "म्हंजी धार काढल्यावानी," ते म्हणाले. मी हो म्हणालो.

रविवारी मला बोलावणं नव्हतं. मी तरी गेलो, आणि शांताला घेऊन गेलो. मामाचं नाव पाण्यावर कसं दिसतं ते तिला बघायचं होतं. सोलापूरचा माणूस गाडी घेऊन आला. चांगला माणूस होता, मशीन कळणारा. सीट उचलून त्यानं सगळं तपासलं, डब्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि मामा कोण म्हणून विचारलं. शांतानं त्याला मामांची सगळी माहिती दिली.

मग रेणुका स्कूटर घेऊन पाण्यात गेली. धूर नाही, खोकला नाही. सुतारानं रंधा मारावा तसा सलग आवाज. ती तलावाच्या मधोमध जाऊन थांबली, ठिपक्याएवढी, आणि काठाकडं तोंड करून तशीच राहिली. इकडं काय ठरतं ते बघायला. जवळ यायची तिची हिंमत होत नसावी.

सोलापूरवाला खूश झाला. म्हणाला, ठरल्यापेक्षा वाढवून देतो, आजच घेऊन जातो. आम्ही सगळे खंडूनानांकडं बघायला लागलो. त्यांनी डोक्याचं पागोटं काढलं, परत घातलं.

"आजारी जनावर इकलं तर घेणाराला फशिवल्यासारखं हुतंय," ते म्हणाले.

"आता आजारी कुठं आहे, नाना? बरी झाली की," सोलापूरवाला म्हणाला.

"झाली की बरी," खंडूनाना म्हणाले. "मंग कशाला इकू?"

सोलापूरवाला काही बोलायच्या आत ते काठाकडं निघाले. तिथून त्यांनी हात हलवला. रेणुका हलली नाही. एवढ्या लांबून तिला त्यातून काय कळणार? त्यांनी हाक मारली, ती वाऱ्यावर गेली. मग ते पाण्यात शिरले. आधी घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं. रखमाबाई मागून ओरडत होत्या, "आवो थांबा, आवो पाणी हाय!" कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर त्यांनी दोन्ही हात वर केले, आणि डोंगरातली मेंढरं वळवणारा तो आवाज सगळ्या तलावावर घुमला.

"ठिवली गं रेणुका! ठिवली!"